शनिवारचा रकाना

मी खुर्च्या मोजतो. पोटापाण्याचा माझा उद्योग एका वाक्यात सांगायचा तर तो एवढाच आहे. लग्नाच्या मांडवातल्या नव्हे, ऑफिसातल्या. कोणत्या खुर्चीवर माणूस आहे, कोणत्या खुर्चीवर माणसाची नुसती पिशवी आहे आणि कोणत्या खुर्चीकडे आठवडाभर कोणी फिरकलेलं नाही, हे कागदावर उतरवायचं. मग साहेबांना सांगायचं की तुमच्याकडे माणसं एकसष्ट असली तरी तुम्हाला खुर्च्या एकसष्ट लागत नाहीत. साहेब खूश होतात. एकसष्ट माणसं मात्र बरीच वर्षं माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सोयरे मंडळी विचारतात तेव्हा मी 'प्रशासनात आहे' असं सांगून विषय बदलतो. मुळात मी कमी बोलणारा. त्यातून या कामात मी एक गोष्ट अशी केली की पुढे बोलण्याची इच्छाच राहिली नाही. आता ती सांगतो. का सांगतो, तेही ओघात येईल.

आमची कंपनी ठिबक सिंचनाची. नगरला सावेडीत दोन मजले भाड्याने होते. एकसष्टपैकी चौदा जण ऑफिसात बसून काम करणारे आणि बाकीचे सत्तेचाळीस फिरतीवरचे. कोणी कोपरगावच्या उसात, कोणी पाथर्डीच्या कपाशीत, कोणी श्रीगोंद्याच्या लिंबाच्या बागेत. पण टेबल मात्र प्रत्येकाला होतं. टेबल म्हणजे मान. माणूस महिन्यात चार दिवस बसला तरी काचेखाली देवाचा फोटो, मुलाचा दहावीचा निकाल आणि कुठल्यातरी खतवाल्याचं कॅलेंडर हे असायचंच.

लॉकडाऊननंतर पुण्याच्या हेड ऑफिसच्या लक्षात आलं की ऑफिस बंद असतानाही ठिबकच्या नळ्या विकल्या गेल्या. मग एवढ्या टेबलांचं काय करायचं, असा प्रश्न त्यांना पडला. हुकूम आला की वरचा मजला सोडा आणि खालच्या एका मजल्यात सगळ्यांना बसवा. कोणाचीही खुर्ची ठरलेली नसेल. जो येईल तो रिकाम्या जागी बसेल, काम करेल आणि उठताना टेबल पुसून जाईल. सामानासाठी कुलपाचं कपाट. हे सगळं बसवायचं काम प्रशासन अधिकारी म्हणून माझ्याकडे आलं.

या कामातली मुख्य गोष्ट अगदी साधी आहे. चार आठवडे रोज तीन फेऱ्या मारायच्या: साडेदहाला, एकला आणि चारला. कागदावर प्रत्येक खुर्चीपुढे खूण करायची की माणूस आहे, सामान आहे की रिकामी आहे. शेवटी सगळ्यात जास्त गर्दीचा दिवस शोधायचा आणि त्या आकड्यात तीन-चार खुर्च्या वाढवायच्या. सरासरी काढायची नाही. सरासरीवर खुर्च्या मांडणं म्हणजे पाहुण्यांच्या सरासरी भुकेवर पंगत उठवणं. गर्दीचा दिवस सापडला की काम झालं.

आता माझा गर्दीचा दिवस मला का सापडला नाही, ते सांगतो.

माझं गाव कोल्हार. प्रवरेच्या कडेला थोडी जमीन आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. शनिवारी सकाळी दहाला मी मस्टरवर सही करायचो, पंखे चालू करायचो, शिपायाला दोन कामं सांगायचो आणि साडेदहाला बसस्टँडकडे निघायचो. मनमाड रस्त्याची गाडी मिळाली की दुपारच्या आत वावरात. आमचे शाखाप्रमुख जोगळेकर साहेब पुण्याचे. ते शुक्रवारी संध्याकाळीच घरी जात आणि शनिवारची आठवड्याची मीटिंग तिथून मोबाईलवर घेत. त्यामुळे शनिवारी ऑफिसात किती माणसं असतात हे फक्त शनिवारी ऑफिसात असणाऱ्या माणसांनाच ठाऊक होतं, आणि त्यात आम्ही दोघं नव्हतो.

मोजणीच्या पहिल्या शनिवारी मी साडेदहाची फेरी मारली. सहा माणसं. मीटिंग मोबाईलवर आहे म्हणजे कशाला कोण येतंय, अशी मी मनाची समजूत घातली आणि गाडी गाठली. सोमवारी कागद पुढे घेतला तर शनिवारचे दोन रकाने कोरे. मी शुक्रवार बघून ते भरून टाकले. वेगळ्या पेनने भरले, म्हणजे खरे वाटावेत. दुसऱ्या शनिवारी तेच. चौथ्या शनिवारी तर मी शुक्रवारीच शनिवार भरून मोकळा झालो.

प्रत्यक्षात शनिवारी अकरानंतर काय व्हायचं ते मला फार उशिरा कळलं. गावोगावच्या मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या शनिवारी दुपारी ऑफिसातून प्रयोगशाळेत जात. म्हणून सगळे फिरतीवाले पिशव्या घेऊन येत. एकदा आले की मीटिंगही तिथंच उरकत. पन्नासच्या वर माणसं एकाच ठिकाणी बसून, प्रत्येकजण आपापल्या मोबाईलवरून, कॅमेरा आणि आवाज बंद करून हजेरी लावायचा. बोलायला एकच मोबाईल चालू. पुण्यात साहेबांना वाटायचं, माणसं जिल्हाभर विखुरलेली आहेत.

माझ्या कागदावर सगळ्यात गर्दीचा दिवस निघाला मंगळवार. तेवीस माणसं. मी मोठ्या मनाने सत्तावीस खुर्च्या मंजूर केल्या. माझी आणि कॅशियरची खुर्ची यातून वगळली, कारण किल्ल्या आमच्याकडे असतात. असं मी लिहिलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

त्याच कागदावर एक खुर्ची अशी होती की सोमवार ते शुक्रवार तिच्यावर एकदाही माणूस सापडला नाही. ती गाडेकर अण्णांची. सोपान गाडेकर, कंपनीतले सगळ्यात जुने फिरतीवाले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. अतिशय पापभीरू माणूस. साहेबांचा फोन आला तर उभं राहून बोलायचे. टेबलावर चष्म्याचं घर, पावतीपुस्तक, आणि खुर्चीवर वहिनींनी जुन्या लुगड्याची शिवलेली एक उशी. कागदाचं ऐकलं तर अण्णा कंपनीत नव्हतेच, फक्त उशी नोकरीला होती. टेबल हलवलं त्या दिवशी मी ती उशी त्यांच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, बरं, जशी कंपनीची मर्जी.

उद्घाटन साहेबांनी शनिवारी ठरवलं, कारण हेड ऑफिसच्या मॅडमना शनिवार सोयीचा होता. त्या कंपनीच्या मासिकासाठी फोटो काढणार होत्या. शनिवारबद्दल मला नक्की काही माहीत नव्हतं, पण माहीत नाही एवढं मात्र माहीत होतं. मी सोमवार सुचवला. साहेबांनी कारण विचारलं. खरं कारण सांगता येईना, म्हणून म्हटलं, शनिवारी नवीन काही सुरू करू नये म्हणतात. साहेब म्हणाले, शेळके, शिंगणापूरच्या जिल्ह्यात राहून तुम्ही शनिवारला नावं ठेवता? विषय संपला.

त्या शनिवारी मी कोल्हारची गाडी सोडली आणि दारात फुलांचं तोरण बांधून उभा राहिलो. साडेदहाला सगळं चित्रासारखं होतं. सत्तावीस खुर्च्या आणि कोरी टेबलं. अकराला पहिली मोटारसायकल आली. मग तीन. मग कोपरगावची अख्खी टीम एका जीपमधून. मग मी मोजणं बंद केलं.

आमच्याकडे एसटीत जागा कशी धरतात हे वाचकांना सांगायला नको. गाडी फलाटाला लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते सीटवर टाकायचं. टाकलं की ती सीट आपली. ही मंडळी आयुष्यभर एसटीने फिरलेली. कोणाचीही खुर्ची ठरलेली नाही, हे माझं पत्र त्यांनी वाचलं होतं आणि त्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता. ऑफिसच्या खिडक्या वाहनतळाकडे उघडत होत्या. माणसं मोटारसायकलवरून उतरायच्या आधी रुमाल आत येऊ लागले. रुमाल संपल्यावर हेल्मेटं आली. मग मातीच्या पिशव्या आल्या, त्यातली एक फुटली आणि राहात्याची काळी माती नव्याकोऱ्या टेबलावर पसरली. कोपरगाववाल्यांनी तर एक लांब उपरणं आडवं टाकून सलग चार खुर्च्या धरल्या.

आत आल्यावर भांडणं. श्रीगोंद्याचा एकजण धरलेल्या खुर्चीत बसला, तर मालक आला आणि म्हणाला, "रुमाल दिसत न्हाई का?"

"रुमालावर नाव हाय का तुझं?"

"वास घे. तुझ्या सासरवाडीचाच हाय."

कोणी खिडकीच्या कठड्यावर बसलं, कोणी पाण्याच्या उलट्या जारवर. दोघं प्रिंटरवर बसले आणि त्यातून आपोआप कोरे कागद बाहेर यायला लागले. सवयीने सगळ्यांनी मोबाईल काढून मीटिंग सुरू होण्याची वाट पाहायला सुरुवात केली. कॅशियर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पंचावन्न. मोजायला त्याला कोणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

गाडेकर अण्णा सगळ्यात शेवटी आले. ते केडगावहून सिटी बसने यायचे. कपाट उघडून त्यांनी उशी काढली, ती काखेत मारली आणि आपलं टेबल जिथं होतं तिथं जाऊन थांबले. टेबल नव्हतं. आजूबाजूला खुर्चीही नव्हती. खोलीच्या मधोमध उशी घेऊन एकटे उभे.

नेमकं त्याच वेळी जोगळेकर साहेब मॅडमना घेऊन दारात आले.

जे बसले होते ते घाबरून बसून राहिले. त्यामुळे समोर उभा असलेला माणूस एकच. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं, कारण ते वयाने मोठे. अण्णांनी घसा साफ केला आणि त्यांच्या नोकरीतलं साहेबांपुढचं सगळ्यात लांब भाषण केलं.

"साहेब, बसायला जागा न्हाई."

मागून दोघा-तिघांनी व्हय, व्हय म्हटलं. मॅडमनी फोटो काढला.

केबिनमध्ये साहेबांनी माझा कागद उघडला. तो मला आजही तसाच दिसतो. चारही शनिवारांचे रकाने, सुबक आकडे, कुठं एकवीस, कुठं बावीस. साहेबांचं म्हणणं तर्काला धरून होतं. एरवी शनिवारी बावीस माणसं येतात. आज पंचावन्न आली. म्हणजे ती बोलावली गेली. नवी पद्धत पाडायला, मॅडमच्या देखत. आणि बोलावणारा कोण हे सगळ्यांनी पाहिलंच आहे. फक्त एक गोष्ट त्यांना पक्की करून घ्यायची होती.

"शेळके, तुमच्या नोंदी पक्क्या आहेत ना?"

बाहेर उभा असलेला माणूस मला दिसत होता. उशी अजून काखेत होती.

"हो साहेब," मी म्हणालो.

अण्णांवर 'सामूहिक असहकाराला चिथावणी' असं पत्र निघालं. दर शनिवारी आम्ही असेच येतो हे फिरतीवाल्यांपैकी कोणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मोबाईलवरच्या हजेरीचं बिंग फुटलं असतं. त्यांची बदली कोपरगावच्या गोडाऊनवर झाली, निवृत्तीपर्यंत. ते पत्र टाईपही मीच केलं. अण्णांनी सही करून घेतलं आणि मला एवढंच विचारलं की चिथावणी म्हणजे नेमकं काय. मी सांगितलं, नुसता शब्द आहे, मनाला लावून घेऊ नका.

नगर-कोपरगाव रोजचं जाणं-येणं त्या वयात झेपणारं नव्हतं. त्यांनी तिथं खोली घेतली आणि रविवारपुरते घरी येऊ लागले. वहिनी केडगावात एकट्या. एका बुधवारी त्या न्हाणीत पडल्या आणि हात मोडला. शेजारच्या निवृत्त कंडक्टरने रिक्षा करून दवाखान्यात नेलं. अण्णा पोचेपर्यंत प्लास्टर होऊन गेलं होतं. हे मला गोडाऊनच्या फोनवरून कळलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण साहेबांकडेही गेलो नाही. जेवण सोडणं त्यामानाने सोपं असतं.

उलट माझं बरंच चाललं होतं. पुढच्या महिन्यात मी तालुकेवार दिवस वाटून दिले: मंगळवारी कोपरगाव-राहाता, बुधवारी श्रीगोंदा, असे. मातीच्या पिशव्या रोज जाऊ लागल्या आणि सत्तावीस खुर्च्या खरोखरच पुरल्या. म्हणजे योजना बरोबर होती, फक्त शनिवार खोटा होता. मासिकात माझं नाव छापून आलं. दुसऱ्या कंपन्या सल्ला विचारू लागल्या. एका विमा एजन्सीत गेलो तर तिथल्या जुन्या बाईंनी आपली खुर्ची सायकलच्या साखळीने टेबलाला बांधून ठेवलेली. एका पतसंस्थेच्या चेअरमनना सगळ्यांच्या खुर्च्या फिरत्या हव्या होत्या, स्वतःच्या मात्र तीन: एक बसायला, एक पाय ठेवायला, आणि एक समोरच्या माणसाला बसू न देण्यासाठी. मी सगळीकडे जाऊन एकच सांगायचो, गर्दीचा दिवस स्वतः डोळ्यांनी बघा. लोक म्हणायचे, शेळके फार काटेकोर आहेत.

अण्णांच्या निवृत्तीला शाल-श्रीफळ झालं. मला बोलायला लावलं, तेव्हा मी त्यांच्या साधेपणाबद्दल बोललो आणि खाली बसलो. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी केडगावला त्यांच्या घरी गेलो. रस्त्यात दोनदा मोटारसायकल परत वळवली होती.

वहिनी ओट्यावर बाजरी निवडत होत्या. त्या पाथर्डीकडच्या, बोलायला परखड. अण्णा बनियनवर बसले होते. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. साडेदहाची गाडी, शुक्रवार बघून भरलेला शनिवार, वेगळं पेन, केबिन, 'हो साहेब'. पत्र मीच टाईप केलं तेही. सांगताना मी वहिनींच्या हाताकडे बघत होतो. तो कोपरात अजून पुरता सरळ होत नव्हता.

मी थांबलो. शिव्यांची तयारी करून आलो होतो. वहिनींनी सूप खाली ठेवलं. त्या माझ्याकडे नाही, अण्णांकडे वळल्या.

"म्हंजी तुमी काहीच केलं न्हाई?"

अण्णा खाली बघत होते. "न्हाई."

"माणसं गोळा केली न्हाई? साहेबाला तोंडावर बोलला न्हाई?"

"मी नुसता उभा हुतो गं. खुर्ची नव्हती."

मग मला हळूहळू उलगडत गेलं. बदलीचं पत्र वहिनींनी शेजारच्या कंडक्टरकडून वाचून घेतलं होतं. त्याने चिथावणीचा अर्थ सांगितला होता. चाळीस वर्षं ज्या माणसाने वाण्याशीसुद्धा वाद घातला नाही, त्याने पन्नास माणसं उभी करून साहेबाला कोंडीत धरलं, हे ऐकून वहिनी आधी घाबरल्या होत्या. मग त्यांना ते आवडू लागलं. माहेरी सांगून झालं, गल्लीत सांगून झालं. प्लास्टरमध्ये हात असताना बघायला आलेल्या बायकांना सांगून झालं. लोक अण्णांना पुढारी म्हणायला लागले. पाण्याच्या टाकीचा अर्ज त्यांच्या सहीने गेला आणि टाकी खरोखर मिळाली. आणि अण्णांनी एकदाही खोडून काढलं नव्हतं.

"सांगणार हुतो," ते म्हणाले. "पर तू पहिल्यांदाच माझ्याकडं तशी बघाया लागली हुतीस."

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. हसल्या की काय, मला दिसलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"भाऊजी, दोन वरसं मी एकली काढली. ती तुमी कुठून आनून देनार? माफी नका मागू. लिहा हे. दिवाळीच्या पुस्तकात लोक लिहितात तसं लिहा, तुमच्या नावानं. तुमी काय केलं ते समद्यांना कळू द्या."

मी मान हलवली.

"आन ह्यांचं नाव बदला. गावबी बदला. गल्लीत चाललंय ते चालू द्या. टाकीला अजून नळ बसायचाय."

म्हणून हे लिहिलं. माझं नाव खरं आहे. गाडेकर हे नाव खरं नाही आणि ते केडगावला तर राहतच नाहीत.

निघताना अण्णा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. तिथं कट्ट्यावर तो कंडक्टर बसला होता. मी कंपनीतला आहे कळल्यावर त्याने मला सरकून जागा दिली आणि सगळा प्रसंग मलाच सांगितला. त्याच्या सांगण्यात माणसं दीडशे होती, साहेब टेबलामागे लपला होता, आणि शेवटी अण्णांनी खुर्ची उचलून फेकली होती. अण्णा शेजारी उभे राहून चपलेने माती उकरत होते.

"तुम्ही होता ना तिथं?" कंडक्टर म्हणाला. "फेकली का न्हाई खुर्ची, सांगा बरं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"एक नाही, दोन फेकल्या," मी म्हणालो. "मी मोजल्या होत्या."